नावातला ‘ई’ राहिला, बाकी काम चोख

आधीच सांगून टाकतो, दुकानाचं नाव लिहिणार नाही. एक तर तक्रार आहे, आणि दुसरं म्हणजे तक्रार असूनही मी तिथं परत जाणार आहे. सांगलीत विश्रामबागकडं, पहिल्या मजल्यावर, चपला खाली काढून वर जायचं. जर्सी आणि टी-शर्ट छापून देतात. असली दुकानं आपल्याकडं चालतात ती गावोगावच्या चषकांवर, कबड्डीवर आणि गणपतीवर. जिन्याच्या कठड्यालाच नमुने टांगलेत. एकाच्या पाठीवर खेळाडूचं नाव असतं त्या जागी ‘सरपंच’, दुसऱ्यावर ‘भावी सरपंच’. दोघांचाही नंबर एकच.

माझं काम जरा वेगळं होतं. एक जुनी जर्सी, तिच्या पाठीवर नव्यानं नाव आणि नंबर टाकायचा. आणि एक नवी, लेकीसाठी.

जुनीची हकिगत सांगावीच लागेल. मी हळदीच्या अडतीवर हिशोब लिहितो, वय ४८. १९९९ साली २१ वर्षांचा होतो आणि घरात रात्री टीव्ही चालू ठेवण्यावरून रोज वडिलांची बोलणी खात होतो. २६ मे १९९९ ही तारीख क्रिकेटवाल्यांना सांगायला नको. टाँटनला श्रीलंकेविरुद्ध गांगुली १८३, द्रविड १४५, दोघांची ३१८ धावांची भागीदारी. आमच्या गावभागातल्या घरी त्या संध्याकाळी शेजारपाजारचे धरून वीसेक माणसं होती. मॅच संपली, माणसं पांगली, वडील झोपले. मी आवाज बंद करून परत टीव्हीपुढं बसलो, कारण सव्वाबारा वाजता बार्सिलोनात मँचेस्टर युनायटेड आणि बायर्न म्युनिक यांची चॅम्पियन्स लीगची, म्हणजे युरोपातल्या क्लबांच्या फुटबॉलची, फायनल होती. सहाव्या मिनिटाला बायर्ननं गोल केला आणि नव्वद मिनिटं संपेपर्यंत तो तसाच राहिला. मग वाढीव वेळात युनायटेडचे दोन गोल, आधी शेरिंगहॅम, लगेच सोल्सशार. ओरडता येईना म्हणून उशी चावली, हे अजून आठवतं.

पण माझा माणूस त्या दोघांपैकी नव्हता. माझा ड्वाइट यॉर्क, युनायटेडचाच, पुढं खेळणारा. खरं सांगायचं तर त्या फायनलमध्ये त्यानं काही खास केलं नाही. मी त्याच्यावर लुब्ध झालो होतो आधीच, १९९८च्या नोव्हेंबरात, त्याच मैदानावर बार्सिलोनाविरुद्ध झालेल्या ३-३ च्या मॅचमध्ये. मधून युनायटेडच्या कीनचा पास यॉर्ककडं येतो. यॉर्क चेंडू घ्यायला पुढं येतो आणि घेतच नाही, पायाजवळून तसाच जाऊ देतो. मागं त्याचा जोडीदार अँडी कोल उभा. कोल परत यॉर्कला, यॉर्क परत कोलला, आणि मधले बचाववाले नुसते माना फिरवतायत. कोलनं गोल केला. यॉर्कचे स्वतःचे त्या दिवशी दोन होते, ते मला आठवतही नाहीत. न घेतलेला तो चेंडू तेवढा आठवतो.

तर त्याची जर्सी पाहिजे होती. फायनलनंतरच्या दिवाळीत मामांकडं मुंबईला गेलो तेव्हा फॅशन स्ट्रीट पालथा घातला. जिकडंतिकडं बेकहॅम, सात नंबर. यॉर्क कुणाकडंच नाही. शेवटी पाठ कोरी असलेली घेतली, नक्कलच, गळ्याला चेन असलेली, छातीवर ‘शार्प’ लिहिलेली. सांगलीला आल्यावर आमच्या ओळखीच्या टेलरमामांकडं गेलो. ते शाळेचे गणवेश शिवायचे. इंग्रजी पेपरातलं यॉर्कचं पाठमोरं कात्रण त्यांच्या हातात दिलं. मामांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यांनी ती अक्षरं चित्र बघून काढावं तशी खडूनं पांढऱ्या कापडावर काढली, कापली आणि मशीनवर शिवली. पाच अक्षरं, दोन आकडे, एकही चूक नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या खालच्या खोल्या गेल्या, त्यातच लोखंडी ट्रंक. पाणी उतरल्यावर ती उघडली तेव्हा आईचे शालू, माझी दहावीची मार्कशीट आणि जर्सी यांचा एकच लगदा झाला होता. जर्सी आईनं चार पाण्यांतून काढली. कापड टिकलं. पण लाल रंग उतरून मामांची पांढरी अक्षरं गुलाबी झाली आणि ‘ओ’ अर्धा उसवला. तेव्हापासून ती पिशवीत बांधून माळ्यावर होती. ह्या उन्हाळ्यात लेकीनं खाली काढली. ती नववीत आहे, शाळेच्या संघात गोलकीपर. म्हणाली, “बाबा, हा गुलाबी माणूस कोण?”

म्हणून दुकान.

आता कामाबद्दल. दुकानात एक ताई संगणकावर बसतात आणि एक पोरगा हीट प्रेस, म्हणजे तापवून अक्षरं चिकटवायचं यंत्र, चालवतो, विशीतला असेल. जर्सी हातात घेतल्यावर त्या पोरानं पहिल्यांदा काय केलं असेल तर ओला पांढरा रुमाल घेऊन आतल्या शिवणीवर घासला. रुमालाला लाली आली. म्हणाला, “काका, ही अजून रंग सोडती. साधं विनाइल लावलं तर चार दिवसांत परत गुलाबी.” विनाइल म्हणजे अक्षरं कापायची प्लास्टिकची पातळ फिल्म. मग त्यानं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. लाल पॉलिस्टर तापलं की त्यातला रंग वाफेसारखा वर येतो आणि पांढऱ्या विनाइलमध्ये मुरतो. त्यासाठी मागं करडा थर असलेलं वेगळं विनाइल येतं, तो थर रंग अडवतो. प्रेसही एरवी दीडशे अंशांवर चालतो, तो एकशेतीसवर ठेवायचा. हे विनाइल महाग, नाव-नंबराचे अडीचशे होतात तिथं साडेतीनशे होतील, चालेल का? चालेल म्हटलं. मी आणखी दोन दुकानं आधी बघितली होती. दोन्हीकडं “उद्या घेऊन जा” एवढंच उत्तर मिळालं होतं, रुमाल कुणी काढला नव्हता.

जुनी अक्षरं उसवायचं कामही त्यानं तिथंच बसून केलं, ब्लेडनं, एकेक टाका. पाऊण तास लागला असेल. मी स्टुलावर. गप्प बसवेना, त्यानंही विचारलं, “यॉर्क म्हणजे बॉलर का? यॉर्करवाला?”

झालं. मग मी सुटलो.

म्हटलं, बॉलर नव्हे, पण चूक अगदीच परकी नाही. त्याचा एक भाऊ त्रिनिदादकडून क्रिकेट खेळला आणि ब्रायन लारा त्याचा जिवलग मित्र. तो टोबॅगोचा. देश त्रिनिदाद आणि टोबॅगो, त्यातलं हे धाकटं बेट, वस्ती साठेक हजार. म्हणजे आपल्या महापालिकेतले मोजके वॉर्ड. १९८९ मध्ये अॅस्टन व्हिला हा इंग्लंडचा संघ तिकडं दौऱ्यावर गेला, त्यांचे मॅनेजर ग्रॅहम टेलर यांनी सतरा वर्षांचं हे पोर बघितलं आणि घेऊन आले. नऊ वर्षं तिथं काढली. १९९६ मध्ये लीग कप फायनलला लीड्सवर तीन गोल, त्यातला तिसरा त्याचा. मग १९९८च्या ऑगस्टमध्ये युनायटेडनं त्याच्यासाठी १ कोटी २६ लाख पौंड मोजले. पहिल्याच हंगामात सगळ्या स्पर्धा धरून २९ गोल. लीगमध्ये १८, ओवेन आणि हॅसलबाइंक यांच्याबरोबर पहिला नंबर. लीग, एफए कप, चॅम्पियन्स लीग, तिन्ही त्याच वर्षी घरात. चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलला ट्यूरिनमध्ये युव्हेंटसनं अकरा मिनिटांत दोन गोल चढवले होते, तिथं कीननं एक फेडल्यावर बरोबरीचा गोल डोक्यानं मारला तो यॉर्कनंच.

पोरगा ‘के’ उसवत होता. म्हणाला, “मग पुढं?”

पुढं काय, तीन वर्षांत उतरण. २००१ मध्ये आर्सेनलविरुद्ध बावीस मिनिटांत तीन गोल केले, ६-१ अशी मॅच, आणि तरी त्याच वर्षी गोल मारायला नवा माणूस, व्हॅन निस्टलरॉय, आला आणि यॉर्क बाकावर गेला. ब्लॅकबर्न, बर्मिंगहॅम, मग पार ऑस्ट्रेलिया, सिडनी. लोक म्हणतात तो मजा मारणारा, हसतमुख, रात्रीच्या पार्ट्यांचा. असेल. हसायचा खरा, गोल चुकला तरी हसायचा. आपल्याकडं अशा हसणाऱ्या माणसाला कामाचा समजत नाहीत. आमच्या अडतीवरही एक तोलारी असा आहे, दिवसभर हसतो, आणि त्याच्या तोलात पावशेराची खोट निघत नाही.

इथं आमचं बोलणं अडलं, कारण अडतीवरून फोन आला. एका पावतीचा मेळ लागत नव्हता. नेमकं त्याच वेळी ताईंनी विचारलं, “दादा, नाव काय टाकायचं?” मी फोन कानाला धरून म्हणालो, “यॉर्क.” नंबर? एकोणीस. त्यांनी टाइप केलं, कटरवर पाठवलं, पोरानं जादाचं विनाइल चिमट्यानं सोललं, प्रेसखाली टेफ्लॉनचा कागद ठेवून दाबलं. मी फोन ठेवून वळलो तेव्हा जर्सी टेबलावर उलटी पडलेली. वाय, ओ, आर, के.

आणि पुढं काही नाही.

“ताई, ई?”

“कसला ई?”

“यॉर्कच्या शेवटी ई असतो.”

त्यांनी माझ्याकडं बघितलं, संगणकाकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “न्यूयॉर्कला कुठं असतो दादा?”

ह्याला उत्तर नव्हतं. पण इंग्रजी न येणाऱ्या टेलरमामांनी १९९९ ला जे बरोबर केलं ते संगणकावर चुकलं, हे मनात आलंच. ताईंनी लगेच तोडगाही काढला, शेवटी नुसता ई चिकटवून देते, पन्नास रुपये कमी द्या. मी नको म्हटलं. नाव मधोमध पाहिजे, नंबराच्या वर बरोबर. तसं केलं असतं तर ते सगळं उजवीकडं कलंडलं असतं. मग चेहरे जरा आंबट झाले. “दादा, स्पेलिंग तुम्ही लिहून द्यायला पाहिजे होतं.” खरं आहे. “पण ताई, छापायच्या आधी स्क्रीनवर दाखवायला तुम्हीही पाहिजे होतं.” हेही खरं आहे. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. शेवटी ठरलं की विनाइलचे दीडशे मी जास्तीचे द्यायचे, मजुरी त्यांची. मला वाटतं पूर्ण त्यांनीच सोसायला हवं होतं. फोनवर मी होतो हे मान्य, पण दुकानाचा रोजचा धंदा हा आहे, माझा नाही.

पोरानं लावलेलं नाव परत तापवून ओढून काढलं, राहिलेला चिकटा औषधानं पुसला आणि दोन दिवसांनी या म्हणाला, वाळू दे.

दोन दिवसांनी काम बघितलं ते सांगतो. अक्षरं सरळ, कडा कुठं उचललेल्या नाहीत, नंबराचा एक आणि नऊ यांच्यातलं अंतर जुन्या फोटोत असतं तसंच. त्यानं फोनवर फोटो शोधून मापलं होतं, मी न सांगता. उन्हात धरलं तर नव्या ‘के’च्या खाली पहिल्या चिकट्याची पुसट सावली दिसते. आणि मामांच्या टाक्यांची भोकं नव्या अक्षरांच्या बाहेर जिथं आली तिथं राहिली आहेत, टाचणीच्या टोकाएवढी, एका ओळीत. ती बुजणार नाहीत असं त्यानं आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. पांढरा रंग मात्र पांढराच आहे. आता अडीच महिने झाले, सात-आठ धुण्यांत गुलाबी झाक आलेली नाही. उलटी करून गार पाण्यात धुवायची, पिळायची नाही, अक्षरांवर इस्त्री फिरवायची नाही, हे त्यानं पिशवीवर पेनानं लिहून दिलं होतं.

आता दुसरी जर्सी, लेकीची. खरं म्हणजे ह्या दुकानाला मी जे गुण देतोय त्यातले अर्धे तिच्या जर्सीचे आहेत.

लेकीला मी यॉर्कची सांगत होतो ती पहिली गोष्ट गोलांची नव्हती, १९ नोव्हेंबर १९८९ ची होती. पोर्ट ऑफ स्पेनला अमेरिकेविरुद्ध नुसती बरोबरी झाली असती तरी त्रिनिदाद विश्वचषकाला गेलं असतं. सगळं स्टेडियम लाल कपड्यांत. यॉर्क नुकताच अठरा वर्षांचा, संघात होता. अमेरिकेच्या कॅलिजुरीनं लांबून एक चेंडू मारला, तो आत गेला, १-० नं सगळं संपलं. लोकांनी दगडफेक केली नाही, टाळ्या वाजवल्या. त्यांच्या वागण्याबद्दल फिफानं त्या वर्षीचं फेअर प्ले पारितोषिक तिथल्या प्रेक्षकांनाच दिलं. तारीख एकोणीस, पुढं जर्सीही एकोणीस. हा मेळ माझा मी लावलाय, अडतीवरची सवय.

मग सोळा वर्षं. मधली काही वर्षं यॉर्क देशाच्या संघाबाहेरच होता. २००५ मध्ये परतला तेव्हा चौतिसाव्याकडं झुकलेला, कर्णधार, आणि पुढं खेळणारा राहिला नव्हता. बेनहाकर ह्या डच प्रशिक्षकानं त्याला मधल्या फळीत मागं ओढलं. ज्याची आयुष्यभर ओळख गोल मारणारा, त्याला म्हणायचं, आता बाकीच्यांचे चेंडू अडव. विश्वचषकाच्या तिकिटासाठी बहारीनविरुद्ध दोन मॅच होत्या. पहिली घरच्या मैदानावर १-१. दुसरी १६ नोव्हेंबर २००५ ला तिकडं बहारीनमध्ये. कॉर्नर यॉर्कचा, डोकं डेनिस लॉरेन्सचं, १-०. तेरा लाख वस्तीचा देश, तोवर विश्वचषकाला पोचलेला सगळ्यात छोटा. नंतर तो मान आइसलँडनं घेतला, आता क्युरासावनं.

१० जून २००६, आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ. विश्वचषकातली पहिली मॅच, डॉर्टमुंडला स्वीडनशी. समोर इब्राहिमोविच, लार्सन, युंगबर्ग. मॅच सुरू व्हायच्या आधी सराव करतानाच गोलकीपर केल्विन जॅक जखमी. राखीव शाका हिस्लॉपला ऐनवेळी उभं केलं. मध्यंतरानंतर लगेच एव्हरी जॉनला लाल कार्ड, दहाच माणसं. आणि शेवटपर्यंत ०-०. हिस्लॉप एकामागून एक चेंडू अडवतोय आणि त्याच्यापुढं यॉर्क, दमलेला, दोन्ही हात कमरेवर, पण चेंडू स्वीडनकडं गेला की परत धावतोय. मी तरी १९९९च्या यॉर्कपेक्षा हा यॉर्क मोठा मानतो. पुढं इंग्लंडला त्यांनी त्र्याऐंशी मिनिटं रोखलं आणि २-० नं हरले, पॅराग्वेशीही २-० हरले. तीन मॅच, एक गुण, गोल एकही नाही. एवढ्याच शिदोरीवर ते घरी गेले.

लेकीनं हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, “मला यॉर्क नको. मला तो शेवटच्या क्षणी उभा राहिलेला पाहिजे.” म्हणून कोऱ्या जर्सीवर ‘हिस्लॉप’ आणि नंबर एक. ह्या वेळी मी अक्षरं कागदावर मोठ्या लिपीत लिहून नेली. ताईंनीही स्क्रीन माझ्याकडं वळवून एकेक अक्षर बोटानं दाखवलं, सही घेतल्यासारखं “बरोबर?” विचारलं आणि मगच कटरवर पाठवलं. कोरी जर्सी धरून सहाशे रुपये. बिलात मागच्या दीडशेतले पंचाहत्तर त्यांनी आपण होऊन कमी केले होते, मी मागितले नव्हते.

लेकीनं गुलाबी अक्षरं टाकू दिली नाहीत. ‘ई’ तिच्या कंपासपेटीत आहे, बाकीची कुठं आहेत तिलाच माहीत.

जायचं असेल त्यांच्यासाठी: गणपतीच्या आधीचे तीन आठवडे टाळा, पोरगा वर बघतसुद्धा नाही. दुपारी दोन ते चार बंद. जुनं कापड असेल तर रुमाल घासून बघायला सांगा, ऑनलाइन पैसे चालतात पण सुटे जवळ ठेवा. वर पंखा एकच आहे आणि तो ताईंच्या डोक्यावर आहे. पाचपैकी चार देतो. एक त्या ‘ई’चा कापला.

परवा लेकीच्या संघाच्या अकरा जर्सींची चौकशी करायला परत गेलो होतो. मी जिना चढून वर आलो नाही तोच पोरानं प्रेस उघडून ठेवला, म्हणाला, “काका, बहारीनचा व्हिडिओ बघितला मी. कॉर्नर यॉर्कचा, बरोबर? पण बोर्डावर नाव लॉरेन्सचं आलं.”

“हां, गोल त्याचा.”

“मग तुम्ही लॉरेन्सची जर्सी का नाही छापली?”

ताई मागून म्हणाल्या, “आधी स्पेलिंग लिहून घे त्याचं.”